तपकिरी फाइलमधले पांढरे पान

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाला समितीच्या लांबलचक टेबलाशी बसून संचालिकांनी कागद कंपनीची फाइल उघडली आणि सहाव्या पानावरचे शेवटचे वाक्य मोठ्याने वाचले.

"'दोन दिवस कारखान्यात काढल्यावर माझी शिफारस अशी आहे, की'" एवढे वाचून त्यांनी पान उलटले. सातव्या पानावर शिफारस नव्हतीच. तिथे शेअरच्या भावाचा तक्ता होता आणि त्यातली रेघ घाटाच्या रस्त्यासारखी वर वर चढत गेली होती.

"की काय?" संचालिकांनी विचारले.

भिंतीला टेकून उभी असलेली, ऑफिसात सर्वांत नवी मुलगी पुढे झाली. "हे पान माझं नाही. माझं सातवं पान कोणीतरी काढून घेतलंय."

लोकांची बचत शेअरबाजारात गुंतवायची, हा या संस्थेचा धंदा. मजल्याच्या मधोमध काचेची भिंत होती. एका बाजूला मोठी खोली. तिथली माणसे फायदा दिसेल ती कंपनी घ्यायची, मग ती साबण करो नाहीतर सिमेंट. दुसऱ्या बाजूला हिरवी खोली. तिथे हवा-पाणी न बिघडवणाऱ्या कंपन्यांचीच निवड व्हायची आणि त्यांची यादी दर तीन महिन्यांनी जाहीर व्हायची. यादीत नाव आले, की हिरवा फंड तो शेअर घेणार हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून बाकीचा बाजारही त्यामागे धावायचा. असे हे दोघे शेजारी, एकमेकांकडे न बघितल्यासारखे करून सारखे एकमेकांकडेच बघत.

"यादी आज जाहीर व्हायची होती," संचालिका म्हणाल्या. "पण परवा बुधवारी, बाजार उघडल्या उघडल्या, मोठ्या खोलीने कागद कंपनीचे शेअर गठ्ठ्याने उचलले. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही घेतले. दुपारपर्यंत भाव बारा टक्के वर. आणि आज फाइलवर काय लिहिलंय? 'समाविष्ट'. म्हणजे आपली बातमी दोन दिवस आधी काचेपलीकडे गेली. फाइल कोणाकोणाच्या हातात होती?"

"हिच्या, माझ्या आणि फाइली सांभाळणाऱ्या दप्तरींच्या," हिरव्या खोलीचे प्रमुख म्हणाले. "माझ्याकडे आली तेव्हाही सातवं पान हेच होतं. सहा पानं चांगली वाटली, म्हणून मी कंपनी घेतली." मग घसा खाकरून त्यांनी हळूच पुस्ती जोडली, "नवीन माणसांना कधी कधी मोह होतो."

मुलीची नजर टेबलाकडे गेली. सहा महिन्यांची उमेदवारी संपून तिला कायम करण्याचा कागद त्याच टेबलावर, संचालिकांच्या कोपराखाली पडला होता. संचालिकांनी तो उचलून उलटा ठेवला.

"दक्षता खात्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "चार वाजता मला उत्तर पाहिजे. नाहीतर या मुलीनं आजच घरी जावं."

२

दक्षता खाते म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि एक बाई. नोकरीला लागण्यापूर्वी वीस वर्षे त्या एका वर्तमानपत्रात मुद्रिते तपासत होत्या. वाचक वाक्य वाचतो, आपण अक्षर वाचायचे, ही सवय काही सुटली नव्हती आणि चष्म्याच्या जोडीला टेबलावर एक गोल भिंगही असायचे. त्यामुळे पाठीमागे त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. त्यांना ते माहीत होते आणि मनातून आवडतही होते.

त्यांनी आधी फाइल घेतली. ती वाचली नाही, नुसती कडेने पाहिली. तपकिरी, तपकिरी, तपकिरी अशी सहा पाने, आणि शेवटचे दुधासारखे पांढरे. भिंगबाईंनी भुवई उंचावली आणि फाइल मिटली.

मग मुलगी आत आली. कारखान्यांच्या चिमण्या मोजत हिंडते, शिवाय अंगकाठीही तशीच, म्हणून हिरव्या खोलीत तिला चिमणी म्हणत.

"बस गं. पाणी पी. सातव्या पानावर काय लिहिलं होतंस?"

"कंपनी नको म्हणून लिहिलं होतं."

भिंगबाईंचा हात पाण्याच्या पेल्यावरच थांबला. "नको?"

"हो मॅडम. पहिली सहा पानं चांगलीच आहेत. त्यांचे कागदपत्र चोख, झाडं लावलेली, भिंती रंगवलेल्या. घाण पाणी शुद्ध करायचं यंत्रसुद्धा आहे, मला अगदी कौतुकानं दाखवलं. पण त्याच्या मोठ्या चाकाला कोळ्याचं जाळं होतं, या आऱ्यापासून त्या आऱ्यापर्यंत. पहिल्या दिवशी होतं, दुसऱ्या दिवशीही तसंच्या तसं. चाक एकदा जरी फिरलं असतं तर जाळं राहिलं असतं का? पाणी सरळ नदीत जातंय. हे सगळं सातव्या पानावर होतं."

"कॉम्प्युटरवर प्रत असेल ना?"

"नाही. गेल्या वर्षी कॉम्प्युटरमधूनच यादी फुटली होती. तेव्हापासून समितीची सही होईपर्यंत सगळं हातानं, एकाच प्रतीत." चिमणी कसेनुसे हसली. "फुटू नये म्हणून."

"मोठ्या खोलीत जातेस कधी?"

"आमच्या कार्डानं ते दारच उघडत नाही. फक्त प्रमुखांच्या कार्डानं उघडतं."

"बरं. फाइल दिल्यावर तिच्याबद्दल कोणाकोणाशी बोललीस?"

"फक्त आमच्या साहेबांशी. मंगळवारी संध्याकाळी त्यांचाच फोन आला होता."

"शब्दन् शब्द सांग."

चिमणीने डोळे मिटले. "ते म्हणाले, 'कागद कंपनीचं काय केलंस?' मी म्हटलं, 'टाकली.' ते म्हणाले, 'नक्की?' मी म्हटलं, 'हो साहेब, टाकली. फाइल दप्तरींकडे दिलीय.' ते म्हणाले, 'छान.' बस्स. त्यांचा आवाज घुमत होता आणि मागे घड्याळासारखी टिकटिक चालली होती."

भिंगबाईंनी सगळे उतरवून घेतले. मुलगी खोटे बोलत असेल, तर फारच तयारीची म्हणायची. आणि खरे बोलत असेल, तर हे प्रकरण भलतेच विचित्र होते. हिच्या पानावर 'नको' असेल, तर बातमी चोरणाऱ्याने शेअर विकायला हवे होते. विकत कसे घेतले?

दारापाशी चिमणी अडखळली. "मॅडम, आईनं अख्ख्या इमारतीत सांगून ठेवलंय, आज माझी नोकरी कायम होणार म्हणून. चार वाजल्यापासून ती फोन हातात घेऊन बसेल." एवढे बोलून ती पटकन बाहेर गेली.

भिंगबाईंना वाईट वाटले. पण त्याहून जास्त वाटले ते कुतूहल, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटली.

३

हिरव्या खोलीचे प्रमुख पन्नाशीचे, सावकाश बोलणारे आणि स्वतःवर फार खूश नसलेले गृहस्थ होते. आज तर त्यांचा डावा हात कोटाच्या आतल्या खिशावरून हलायला तयार नव्हता.

"छातीत दुखतंय का?" भिंगबाईंनी विचारले.

"छे छे. सवय आहे."

"तुमच्या खोलीत कागद कुठला वापरता?"

"जुन्या रद्दीपासून केलेला, तपकिरी. आम्हीच तो नाही वापरला तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगणार?"

"मोठ्या खोलीतल्या कोणाशी या कंपनीबद्दल बोललात?"

"अजिबात नाही," ते ताठ बसून म्हणाले. "तिथले प्रमुख माझे साडू आहेत, तुम्हाला माहीतच आहे. धाकटे साडू. पण आम्ही एकमेकांशी कामाचं अवाक्षर काढत नाही. हवं तर त्यांना विचारा."

त्यांनी हे इतक्या ठामपणे सांगितले, की ते खरेच असावे असे भिंगबाईंना वाटले. खोटे बोलणारा माणूस इतका निश्चिंत नसतो. पण हात खिशावरून हलला नव्हता, त्याचे काय?

धाकटे साडू म्हणजे दुसरेच प्रकरण. त्यांनी खुर्ची स्वतःच ओढून घेतली, पाय ताणले आणि विचारायच्या आत बोलायला सुरुवात केली.

"बाई, माझ्यावर संशय असेल तर खुशाल घ्या, पण मी कोणाची फाइल बघितलेली नाही. आमचं काम साधं. सकाळी रिकामी टोपली. पटली ती कंपनी टोपलीत टाकायची, पुढं चालायचं."

"आणि कागद कंपनी का पटली?"

"अंदाज," ते म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "आमचे साडू मागे लागलेत म्हणजे कंपनी चांगली असणार, असं वाटलं. स्वभावानं रडे असले तरी माणूस पक्का आहे. सासऱ्यांसमोर मी चेष्टा करतो त्यांची, ते सोडा. सासरे दर रविवारी विचारतात, कोणाचा फंड पुढं? एका रविवारी ते पुढे असतात, एका रविवारी मी."

"म्हणजे ते काय करतात यावर तुमचं लक्ष असतं."

"त्यांचं माझ्यावर नसतं की काय? गुरुवारी आमच्या खोलीत छपाईच्या यंत्रापाशी उभे होते. मी म्हटलं, चहाला बोलवायला आले असतील. तर नाही, कागद घेतला आणि मान खाली घालून निघून गेले. घरी जाताना गाडीतही गप्प."

"गाडीत?"

"त्यांची गाडी पंधरा दिवस दुरुस्तीला आहे. रोज माझ्याच गाडीतून जातो दोघं. पण आमच्या गाडीत कामाचं बोलणं बंद, हं! बायकांनी शपथ घातलीय."

भिंगबाईंनी वहीत 'गाडी' असा शब्द लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. पांढरे पान कोणी आणले ते आता उघड होते. पण त्याने उलट कोडे वाढलेच. चांगल्या कंपनीचा फायदा करून घ्यायला कोणी पान चोरले, हे समजता येते. इथे तर बुधवारी शेअर घेतले तेव्हा बातमी खोटी होती आणि गुरुवारी कोणीतरी ती खरी करून टाकली. पाणी कुठेतरी मुरत होते, पण कुठे?

घड्याळात सव्वातीन वाजले होते.

४

दप्तरींचे राज्य तळघरात होते. उंच मांडण्या, शिडी आणि मधोमध एक टेबल. ते अंगठा ओला करून दर वेळी पाने मोजत आणि आकडा वहीत घालत.

"मंगळवारी सात आली. साहेबांकडे गेली सात. गुरुवारी परत आली सात," त्यांनी वाचून दाखवले.

"सातवं पान पांढरं होतं?"

"बाई, मी पानं मोजतो, रंग नाही बघत." दप्तरी दुखावले. "रंग बघायला सांगितलं असतं तर रंगही बघितला असता."

भिंगबाईंना हसू आले. आता वर जाऊन काय सांगायचे? थोरल्या साडूंनी पान बदलले, हे सांगता येईल. पण बातमी काचेपलीकडे कशी गेली हे सांगता आले नाही, तर संशय मुलीवरच राहणार. तिने शेअर घ्या म्हणून सांगितले आणि मग कांगावा केला, असे कोणीही म्हणेल.

काही सुचेना, म्हणून त्या टेबलावरच्या वस्तू न्याहाळू लागल्या. "तुमची ती जुनी भोकं पाडायची दांड्याची मशीन दिसत नाही? छान होती."

"ती होय? टाकली."

"कशात टाकली?"

दप्तरींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, जसे काही बाईंना आता निवृत्तच करायला हवे. "कशात म्हणजे? टाकली म्हणजे टाकली. भंगारात गेली. दांडा मोडला होता."

भिंगबाई शिडीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. वीस वर्षे मुद्रिते तपासली, एक काना इकडचा तिकडे झाला तर झोप उडायची, आणि आज एवढा ढळढळीत शब्द डोळ्यांसमोरून गेला तरी आपण नुसता उतरवून घेतला! त्यांना स्वतःचा इतका राग आला, की त्या मोठ्याने म्हणाल्या, "शाबास!"

"माझ्याशी बोलताय?" दप्तरींनी विचारले.

"तुमच्याशीच," भिंगबाई म्हणाल्या आणि पदर खोचून दोन-दोन पायऱ्या एका दमात चढू लागल्या.

५

चारला पाच मिनिटे कमी असताना सगळे संचालिकांच्या खोलीत जमले होते. दोघे साडू समोरासमोर, चिमणी दाराशी.

"आधी एक प्रश्न," भिंगबाई म्हणाल्या. "चिमणे, तुझ्या खोलीत काम कसं चालतं?"

"सुरुवातीला बाजारातल्या सगळ्या कंपन्या टेबलावर येतात, मॅडम. एकेक तपासायची. जी पास होत नाही ती टाकायची. उरतील त्यांची यादी."

"म्हणजे 'टाकली' याचा अर्थ?"

"काढून टाकली. वगळली."

भिंगबाई धाकट्या साडूंकडे वळल्या. "आणि तुमच्या खोलीत, साहेब? 'टाकली' म्हणजे?"

"टोपलीत टाकली. घेत..." धाकट्या साडूंचे तोंड उघडेच राहिले.

"मंगळवारी संध्याकाळी तुम्ही गाडी चालवत होतात. वळताना दिव्याची टिकटिक सुरू होती. तुमच्या साडूंचा फोन गाडीच्या स्पीकरला लागलेला होता, म्हणून आवाज घुमत होता. ही म्हणाली, 'टाकली.' ते म्हणाले, 'नक्की?' ही म्हणाली, 'हो, टाकली.' ते म्हणाले, 'छान.' तुम्ही दोघंही एकमेकांशी कामाचं एक अक्षर बोलला नाहीत. शपथ पाळलीत. पण ऐकू नये अशी शपथ कुठं घातली होती? तुम्ही बुधवारी सकाळी कंपनी टोपलीत टाकलीत."

धाकटे साडू लालबुंद झाले. "कानावर पडलं, बाई. मुद्दाम नव्हतं ऐकलं."

"वापरलं मात्र मुद्दाम," संचालिका म्हणाल्या. "त्याचं आपण नंतर बघू."

"माझ्या हातात अहवाल असता, तर मी शेअर विकले असते ना," भिंगबाई पुढे म्हणाल्या. "घेणाऱ्यानं उलटंच केलं. म्हणजे त्यानं पान वाचलेलंच नव्हतं, नुसता शब्द ऐकला होता. आणि पान जिनं लिहिलं, तिच्याकडून बातमी फुटली असती तर ती उलटी फुटली नसती. ही मुलगी या प्रकरणातून तिथंच सुटली."

चिमणीने दाराची मूठ घट्ट धरली.

"आता थोरले साहेब. तुमच्या अख्ख्या खोलीत पांढरा कागद नाही. गुरुवारी तुम्ही काचेपलीकडे गेलात, तिथल्या यंत्रावर भावाचा तक्ता छापून घेतलात आणि फाइलमध्ये लावलात. सात पानं गेली, सात परत यायला हवीत, हे तुम्हाला ठाऊक होतं. मूळ पान फाडायचा धीर मात्र झाला नाही. खिशावरचा हात काढा आता, दुखायला लागला असेल."

थोरल्या साडूंनी कोटातून चार घड्या घातलेला तपकिरी कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"मला वाटलं, यांनी सगळं ऐकलंय," ते म्हणाले. "आम्ही कंपनी वगळली हे कळूनसुद्धा हे दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यानं घेतात, म्हणजे यांना काहीतरी पक्कं माहीत असणार. मग बाकीच्यांनीही घेतली. बारा टक्के! एवढा मोठा बाजार चुकतो आणि सहा महिन्यांची पोरगी बरोबर ठरते, असं कसं होईल? रविवारी सासऱ्यांसमोर पुन्हा हसं झालं असतं माझं."

"अहो, पण मी तुमच्यामुळे घेतली!" धाकटे साडू ओरडले. "तुम्ही घेताय म्हणून!"

"आणि मी तुमच्यामुळे."

तुझ्या भरवशावर मी आणि माझ्या भरवशावर तू, अशी ही बारा टक्क्यांची चढण होती, आणि तिच्या खाली जमीनच नव्हती. विचारायचे कोणी? आधी विचारील त्याची मान खाली गेली नसती का?

"आणि कारखान्यात कोण गेलं होतं?" भिंगबाईंनी शांतपणे विचारले.

संचालिकांनी घडी उलगडली, सातवे पान वाचले, कोळ्याच्या जाळ्यापाशी थांबल्या आणि तेवढे पुन्हा वाचले.

"कागद कंपनी बाहेर," त्या म्हणाल्या. "मोठ्या खोलीनं यादी जाहीर होईपर्यंत एकही शेअर विकायचा नाही. नंतर भाव पडेल तो सोसायचा. आणि तुम्ही दोघांनी सोमवारी मला भेटायचं, वेगवेगळ्या गाड्यांतून येऊन."

"हिची माफी..." थोरले साडू चिमणीकडे वळले. "मोह मला झाला होता, पोरी. आणि नाव मी तुझं घेतलं."

चिमणीला त्यांचा रागही आला होता आणि दयाही. तिने नुसती मान हलवली.

संचालिकांनी सकाळपासून उलटा पडलेला कागद सुलटा केला, सही ठोकली आणि दाराशी आलेल्या लेखनिकाला म्हणाल्या, "हिचं नाव आजच टाका."

लेखनिक बिचारा कागद हातात धरून एकेकाचे तोंड पाहू लागला. दोन्ही साडूंनी मात्र आयुष्यात पहिल्यांदाच एका सुरात विचारले, "म्हणजे नक्की काय?"

संचालिका आधी चमकल्या, मग इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "कायम करा हो तिला! कायम!"

बाहेरच्या बाकावर बसून चिमणीने घरी फोन लावला. पहिल्या घंटेलाच तो उचलला गेला. "काय गं, काय झालं?" आईचा आवाज भिंगबाईंनाही ऐकू आला.

"आई, मला..." चिमणी म्हणाली आणि अडकली. सकाळपासून शब्दांनी इतका छळ मांडला होता, की आता एकावरही विश्वास बसेना. तिने भिंगबाईंकडे पाहिले.

भिंगबाई भिंग पदराने पुसत होत्या. त्यांनी मान वर न करताच दुरुस्ती सुचवली. "घेतलं म्हण."

"आई," चिमणी म्हणाली आणि तिला रडू फुटले, "मला घेतलं."